दीड भोवरा

"दीड," रोहिणीताई म्हणाली आणि तिनं फूटपट्टी टेबलावर आपटली. "पुन्हा दीड! कणसेदादा, हा भोवरा माझ्या मुळावर आलाय."

 मी हेलियमच्या बाटलीच्या काचेच्या उभ्या फटीतून आत डोकावलो, पातळी वाचली आणि सांगितली, "बावीस सेंटिमीटर."

"वाजले किती?"

"साडेदहा."

तिनं वहीत लिहिलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसली. खंडेनवमीचा दिवस होता. अख्खी संस्था सुट्टीवर, आणि पुण्यातल्या त्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये आम्ही दोघंच. कोपऱ्यात पंप धडधडत होता. सकाळी मी सगळ्या मशिनरीला हळदकुंकू लावून झेंडूच्या माळा घातल्या होत्या, त्यातली एक पंपाच्या पट्ट्याजवळ नको तिथं लोंबत होती म्हणून तिनंच ती काढून खिडकीला अडकवली होती.

मी तिथला हेलियमवाला. कागदावर हुद्दा प्लँट ऑपरेटर, पण संस्थेत सगळे हेलियमवाला कणसेच म्हणायचे. कराडजवळचा मी, आयटीआय केलेला. हेलियम वायू परदेशातून बोटीनं यायचा, कधी तीन-तीन महिने उशिरा. तो थंड करून त्याचं पाणी करायचं आणि पोरांना प्रयोगाला द्यायचं, हे माझं काम. प्रयोगात ते उकळून जे उडतं ते नळीनं परत आणायचं, मागच्या शेडमधल्या मोठ्या रबरी फुग्यात भरायचं. फुगा निम्मा भरला की कम्प्रेसर आपोआप सुरू होतो आणि तो वायू पुन्हा सिलिंडरमध्ये दाबतो. हेलियम एकदा हवेत सुटलं की वर वर जातं आणि पृथ्वीवरूनच जातं, परत मिळत नाही. त्यामुळं मी त्यात मारवाड्याहून चिकट. माझ्या प्लँटमधून कुणी फुंकरभर हेलियम सोडलं तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

आता भोवऱ्याचं काय ते सांगतो. घाबरू नका, मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. चहात चमचा फिरवला की सगळा चहा फिरतो. हेलियम फार फार थंड केलं की त्याचं उकळणं एका क्षणी एकदम थांबतं. बुडबुडे गायब. आत काही आहे की नाही अशी शंका यावी इतकं ते निवांत होतं. त्याला फिरवायला गेलं तर ते चहासारखं फिरत नाही, हट्टी पोरासारखं जागचं हलत नाही. आणखी जोरात फिरवलं तर मग एक भोवरा देतं, केसाहून कितीतरी बारीक. आणखी जोर लावला तर दुसरा. पण प्रत्येक भोवरा अगदी एकाच मापाचा. एक, दोन, तीन. मधलं काही नाही.

"अर्धा भोवरा नसतो, दादा," रोहिणीताईनं मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. "असला तर अख्खा. नसला तर नाहीच."

हे तिला मोजून दाखवायचं होतं. तिनं बोटभर नळीत मधोमध एक बारीक तार ताणून बसवली होती. ती नळी हेलियममध्ये बुडवायची, वरच्या मोटरनं फिरवायची, थंड करायची, मग थांबवायची. भोवरा तारेला धरून बसतो. तारेला टिचकी मारल्यासारखा विजेचा झटका द्यायचा, की ती थरथरते आणि यंत्रातला पेन कागदावर लाटा काढतो. दोन लाटांच्या खळग्यांमधलं अंतर बेचाळीस मिलिमीटर आलं तर एक भोवरा. एकवीस आलं तर दोन. तिला सारखं अठ्ठावीस येत होतं. म्हणजे दीड. जे जगात नसतंच ते.

मेमधल्या पहिल्या रनला तसंच झालं. जुलैत दुसऱ्या रनला तसंच. आणि हा तिसरा, शेवटचा. दसऱ्यानंतर माझ्याकडचं सगळं हेलियम दुसऱ्या गटाला, मॅग्नेटवाल्यांना, द्यायचं असं वरून ठरलं होतं. तिची फेलोशिप ऑक्टोबरअखेर संपत होती. आज अख्खे आकडे मिळाले तर पीएच.डी., नाही मिळाले तर सहा वर्षांवर पाणी सोडून वेंगुर्ल्याला परत. हेलियम तासाला तीन सेंटिमीटर उतरत होतं. तीनच्या खाली गेलं की तार उघडी पडणार आणि खेळ खलास.

"पुन्हा करते," ती म्हणाली.

तिनं झटका जोराचा दिला. ही तिचीच युक्ती होती. अर्धवट चिकटलेला भोवरा तारेवरून उडून जावा आणि अख्खा तेवढा उरावा म्हणून तार जोरानं हलवायची. तार तुटायची भीती असायची. तुटली तर संपलंच. दर वेळी झटका देताना ती डोळे मिटायची, आणि माझेही मिटायचे. मग वीस मिनिटं सगळं शांत होऊ द्यायचं, मग वीस मिनिटं पेन चालवायचा.

पावणेबाराला तिनं पट्टी लावली. "बत्तीस."

"म्हणजे?"

"म्हणजे एक पूर्णांक तीन दशांश. म्हणजे कचरा." तिचा आवाज चिरकला. "मी काय चुकतेय, दादा? सांगा ना. लिफ्ट बंद केली. वॉटर कूलर बंद केला. जुलैत रस्त्यावरच्या ट्रकांची वेळ लिहून ठेवली मी वेड्यासारखी! तार माझ्याच हातानं बसत नाहीये का नीट? या तीन महिन्यांत अकरा तारा जोडल्या. सूक्ष्मदर्शकात बघून बघून डोळ्यांपुढं अंधारी येते."

"तुमचा हात चांगला आहे, ताई."

"मग?"

मी पंपाकडं बघितलं. वाकून उगाच त्याच्या तेलाची पातळी बघत बसलो.

तेवढ्यात फोन वाजला. टेंबे सर. रोहिणीताईचे गाइड तेच, आणि लॅबचे प्रमुख म्हणून माझे साहेबही तेच. माणूस सरळ, पण जिभेला हाड नाही. ती "हो सर, नाही सर" करत राहिली. मग तिनं रिसीव्हर कानापासून लांब धरला, तेव्हा मलाही ऐकू आलं.

"हट्ट सोड रोहिणी. 'आढळले नाही' असं लिही आणि मोकळी हो. त्यावर एम.फिल. मिळेल."

"सर, अठरा सेंटिमीटर आहे अजून."

"अठरा असो नाही तर ऐंशी. अर्धा भोवरा तुला दिसतोय याचा अर्थ तुला काहीच दिसत नाहीये. साडेचारला मी येतो, तोवर आवरा."

तिनं फोन ठेवला. रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. डबा उघडला, दोन घास खाल्ले, झाकण लावलं आणि म्हणाली, "तुम्ही जेवून या, दादा. मी हेलियम जरा गरम करून पुन्हा पहिल्यापासून फिरवते. शेवटचा प्रयत्न."

मी जेवायला म्हणून बाहेर पडलो आणि जेवायला गेलोच नाही. तासभर आवारात नुसता फिरलो, मग मागच्या शेडमध्ये गेलो.

तिथं फुगा अर्धा फुगून डुलत होता आणि शेजारी कम्प्रेसर नुकताच सुरू झाला होता. त्याच्या कपाळावर मी सकाळी लावलेलं कुंकू थरथरत होतं. मी त्याच्या नळीवर हात ठेवला. ही नळी म्हणजे माझा पराक्रम होता. पूर्वी लांबलचक रबरी नळी होती, जागोजागी गळायची. एप्रिलमध्ये मी ती काढून टाकली आणि तिच्या जागी धातूची, आखूड, घट्ट नळी बसवली, थेट क्रायोस्टॅटच्या, म्हणजे हेलियमच्या त्या बाटलीच्या, तोंडापासून फुग्यापर्यंत. शंभरातलं तीस लिटर हेलियम वाया जायचं ते आठावर आलं. संचालकांनी मला प्रशस्तिपत्र दिलं. टेंबे सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. नोव्हेंबरमध्ये वरच्या ग्रेडची मुलाखत होती आणि त्या नळीच्या जिवावर ती मला मिळणार हे शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

आणि ती नळी कम्प्रेसरची थरथर जशीच्या तशी आत नेत होती. पंपाची थरथर लागू नये म्हणून त्याची लाइन आम्ही वाळूच्या पेटीतून नेलेली, एवढी काळजी घेतलेली. आणि मी शहाण्यानं मागच्या दारानं कम्प्रेसर आत आणून सोडला होता. दर चाळीस मिनिटांनी तो दहा मिनिटं चालायचा. ताईचं एक रीडिंग चाळीस मिनिटांचं. तो मध्ये आला नाही असं होणारच नव्हतं. तार हलायची, भोवरा अर्धा सुटायचा, अर्धा राहायचा.

मला हे ठाऊक होतं. आज कळलेलं नव्हतं.

सांगून टाकतो, आता लपवण्यात काय अर्थ आहे. पहिले काही दिवस वाटलं, माझा भ्रम असेल. मग वाटलं, तिचं तिला सापडेल, हुशार आहे. मग वाटलं, आता इतक्या उशिरा सांगितलं तर तोंड कुठं लपवू? एक-एक दिवस गेला तसं सांगणं जड होत गेलं. ती रात्रंदिवस तारा जोडायची आणि मी तिला चहा नेऊन द्यायचो, बिस्किटं न्यायचो. ती म्हणायची, "दादा, तुमच्यासारखा माणूस आहे म्हणून मी टिकलेय." मी मूग गिळून गप्प बसायचो. असला मी.

आता रन चालू असताना नळी काढता येत नव्हती. हवा आत शिरली तर बाटलीच्या तोंडातच गोठून बसते आणि कोंडलेलं हेलियम बाटली फोडतं. एकच करता येत होतं. मी कम्प्रेसर त्याचं त्याचं काम संपवून थांबू दिला, फुगा रिकामा झाला, आणि मेन स्विच खाली ओढला. दीड वाजला होता.

याचा अर्थ मला पक्का माहीत होता. फुगा फार तर तास-दीड तास तग धरणार. मग एक तर तो फाटणार, नाही तर मला भिंतीवरचा व्हॉल्व्ह उघडून हेलियम हवेत सोडावं लागणार. मला, कणशाला! पण मी मनाशी म्हटलं, आज तिचं काम होऊ दे. कुणाला काही कळायचं कारण नाही. उद्या गळती झाली म्हणून सांगू.

परत आलो तेव्हा ताई तारेची नळी फिरवत होती. मोटरचा बारीक आवाज येत होता. फटीतून मी बघितलं, हेलियम खदखदत होतं. ती पंपाचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडत गेली; पंप वाफ ओढतो तसं हेलियम आणखी थंड होतं. खदखद वाढली, वाढली, आणि पटकन थांबली. आत सगळं आरशासारखं झालं. हे मी हजार वेळा पाहिलंय आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

"तेरा सेंटिमीटर," मी म्हटलं.

तिनं मोटर थांबवली. झटका दिला. दोघांनी डोळे मिटले. तार शाबूत होती. वीस मिनिटं सगळं शांत होऊ दिलं. मी घड्याळ बघत होतो आणि कान शेडकडं लावून होतो.

मग पेन चालू लागला. लाट, खळगा. लाट, खळगा. तिनं कागद ओढला, पट्टी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"बेचाळीस."

"काय?"

"बेचाळीस, दादा. बेचाळीस!" तिनं पुढच्या खळग्याला पट्टी लावली. "बेचाळीस. आणि हे... बेचाळीस. एक! अख्खा एक!"

ती उडी मारायची बाकी होती. मी म्हटलं, "हळू, हळू, तार हलेल," आणि ती तोंडावर हात ठेवून तिथंच हसत, हुंदके देत उभी राहिली. मलाही भरून आलं. खरंच आलं.

तीन वाजता मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या भिंतीशी गेलो आणि व्हॉल्व्ह उघडला. छपरावरच्या पाइपातून फुस्स आवाज सुरू झाला. वर्षानुवर्षं थेंब थेंब वाचवलेलं माझं हेलियम आभाळात चाललं होतं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

सव्वातीनला, आणखी जोरात फिरवून, तिला एकवीस मिळालं. दोन भोवरे. आठ सेंटिमीटर उरलं होतं.

"आता सरांना फोन करा," मी म्हटलं. "पेढे आणा म्हणावं."

ती पट्टी हातात घेऊन तशीच बसून होती. हसू हळूहळू मावळलं होतं.

"दादा, बदललं काय?"

"म्हणजे?"

"सकाळी दीड. आता एक आणि दोन. तार तीच, हेलियम तेच, मी तीच. मग बदललं काय? ते कळलं नाही तर हे काही कामाचं नाही. सर विचारतील, परीक्षक विचारतील, जुलैत दीड का आलं? मी काय सांगू? नशीब फिरलं?"

"अहो ताई, आलं ना? आता घ्या पदरात!"

"असं नाही घेता येत." ती कान देऊन ऐकत होती. "हा फुस्स आवाज कसला येतोय?"

मी म्हटलं, "फुगा भरलाय. जरा सोडतोय."

"तुम्ही? हेलियम सोडताय? कम्प्रेसर कुठं गेला?"

"बंद ठेवलाय. आज खंडेनवमी ना. पूजा झाली की यंत्र चालवत नाहीत आमच्यात."

तिनं पंपाकडं बघितलं. पंप धडधडत होता. त्यालाही कुंकू होतंच.

"आणि हा कसा चालतो?"

मी खिडकीतली झेंडूची माळ सरळ करू लागलो.

"सकाळी चालू होता ना कम्प्रेसर?" ती उठून उभी राहिली. "कधी बंद केलात?"

"दीडला."

तिची नजर माझ्यावरून क्रायोस्टॅटच्या तोंडाकडं गेली, तिथून धातूच्या नळीवरून सरकत सरकत भिंतीपर्यंत. मी ती नजर बघत होतो. तिला सांगायची गरजच उरली नव्हती, तरी मी सांगितलं. नळी, थरथर, चाळीस मिनिटं, सगळं. "आज सकाळी हात लावला तेव्हा नळी थरथरत होती," असं म्हटलं. खोटं नव्हतं. सकाळी हात लावला होताच.

मला वाटलं ती चिडेल. ती माझ्याजवळ आली आणि माझे दोन्ही हात धरले. "दादा, तुम्ही माझी डिग्री वाचवलीत! आणि मला न सांगता स्वतःचं हेलियम सोडलंत?"

मी हात सोडवून घेतले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"आता चालू करा," ती म्हणाली.

"काय?"

"कम्प्रेसर. चालू करा. रीडिंग बिघडायला पाहिजे. बिघडलं तर खरं."

"ताई, आठ सेंटिमीटर आहे! दोन आलेत हातात, जातील ते!"

"जाऊ देत. परत आणू."

"आणि नाही आले परत?"

तिच्या कपाळावर घाम होता. ती पण घाबरली होती, मला दिसत होतं. "नाही आले तर नाही आले. चालू करा."

मी गेलो आणि स्विच वर केला. कम्प्रेसर एकदा खाकरला आणि सुरू झाला. दहा मिनिटं चालू दिला, बंद केला, पळत परत आलो. ती पट्टी लावत होती.

"सव्वीस," ती म्हणाली. "दोन होते, आता एक पूर्णांक सहा." आणि ती चक्क हसली. सहा वर्षांत बिघडलेलं रीडिंग बघून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "साडेसहा सेंटिमीटर आहे ना? आता जोराचा झटका."

हा झटका तिनं सगळ्यात जोराचा दिला. पेन टोकापर्यंत जाऊन आपटला. तार तुटली असं मला वाटलं. तिनं डोळे उघडे ठेवले होते. मग पेन हळूहळू मध्ये आला आणि थरथरू लागला. तार जिवंत होती.

वीस मिनिटं. देवाशपथ सांगतो, बायकोच्या बाळंतपणाला दवाखान्याच्या बाकड्यावर बसलो होतो तेव्हाही इतकी लांब वीस मिनिटं नव्हती. फुगा पुन्हा भरत आला, मी व्हॉल्व्ह उघडला. फुस्स. पेन चालला. लाट. खळगा. लाट. खळगा.

ती पट्टी ठेवत असतानाच दार उघडलं आणि टेंबे सर आत आले. ते दारातूनच ओरडले, "कणसे! छपरावरून हेलियम चाललंय! कान फुटले की काय तुमचे?"

"एकवीस," रोहिणीताई म्हणाली.

"काय एकवीस?"

"सर, इकडं या. हे बघा."

तिनं दिवसभराचा कागद टेबलावर उलगडला. एकेक रीडिंग दाखवत गेली. कम्प्रेसर चालू, दीड. बंद, एक. बंद, दोन. मुद्दाम चालू केला, एक पूर्णांक सहा. बंद केला, पुन्हा दोन. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागदात डोकं घातलं. स्वतः पट्टी घेतली. स्वतः मोजलं. दोनदा मोजलं. मी व्हॉल्व्हपाशी उभा होतो.

"अरे वा," सर म्हणाले. मग कागद पुन्हा पहिल्यापासून चाळला. मग पुन्हा म्हणाले, "अरे वा. रोहिणी, हे छापायचं. आणि ही नळीची भानगड शोधली कुणी?"

"कणसेदादांनी."

सर माझ्याकडं वळले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडावर असं कौतुक मी दोनदाच पाहिलं, एकदा नळी बसवली तेव्हा आणि एकदा तेव्हा. "शाबास कणसे! स्वतःच्या नळीची चूक स्वतः काढलीत. याला मोठं मन लागतं. मुलाखतीत सांगतो मी हे. कधी लक्षात आलं तुमच्या?"

रोहिणीताईनं पेन्सिल उचलली होती. वहीचं पान उघडून ती माझ्याकडं बघत होती, मी बोलेन ते लिहून घ्यायला. चेहरा दमलेला, केस विस्कटलेले, आणि डोळ्यांत माझ्याबद्दल इतका अभिमान की माझ्या थोरल्या बहिणीनंसुद्धा कधी माझ्याकडं तसं बघितलं नसेल. "आज" एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. तिनं ती लिहिली असती, सरांनी मान डोलावली असती, आणि मी मरेपर्यंत सज्जन राहिलो असतो.

मला माझीच किळस आली.

"जुलैत, सर," मी म्हटलं.

पंप धडधडत होता. सरांना नीट ऐकू आलं नसावं. "जुलैत म्हणजे?"

"दुसऱ्या रनला. नळीवर सहज हात होता माझा आणि समोर पेन हलताना दिसला. तेव्हाच कळलं. बोललो नाही."

"का?" सरांनी विचारलं.

"नळी माझी होती."

सर काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते आठवत नाही, कारण मी तिच्याकडं बघत होतो. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, वही फेकून मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. ती माझ्याकडं बघत होती आणि मनात काहीतरी मोजत होती. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मोजत असेल. मग तिनं मान खाली घातली आणि पेन्सिल वहीवर टेकवली.

"तारीख?" तिनं विचारलं.

"चौदा जुलै."

"वेळ?"

"दुपारी तीन. सव्वातीन असतील."

तिनं लिहिलं. सावकाश, सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारली. मग काचेच्या फटीशी जाऊन वाकून आत बघितलं.

"सर, चार सेंटिमीटर आहे. झटका न देता अजून एक रीडिंग होईल," ती म्हणाली. आणि मागं न बघता, "कणसे, व्हॉल्व्ह उघडाच ठेवा."

मी व्हॉल्व्हची मूठ धरली आणि ते हेलियम संपेपर्यंत तिथंच उभा राहिलो.